रबराखालचा निळा

जुनी गाडी मूळ रंगात आणायची, असे म्हणायला वेळ लागत नाही. तो मूळ रंग नेमका कोणता, हे ठरवण्यात मात्र आमच्या गाडीच्या बाबतीत अख्खा पावसाळा गेला. यंत्राचे काम, पत्र्याचे काम, गाद्यांचे काम यांत अडचणी असतात. पण तिथे निदान ‘झाले’ आणि ‘झाले नाही’ यांतला फरक स्पष्ट कळतो. रंगाचे तसे नसते. गाडीवरच तीन-चार ठिकाणी तीन-चार निळे सापडतात, प्रत्येक जण आपणच मूळ असल्याचा दावा करतो, आणि त्यांपैकी कोणाची साक्ष धरायची हे ठरवणे हेच रंग जुळवण्यातले खरे काम आहे. डब्यात थेंब टाकून ढवळण्याचे काम त्याच्या बरेच नंतर येते.

गाडी आहे 1968 सालची फियाट 1100 डिलाइट. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात डिलाइट 1964 पासून बनू लागली, आणि पुढे थोड्याफार फरकाने हीच गाडी 1974 पासून ‘पद्मिनी’ या नावाने विकली गेली. माझ्याकडे आली तेव्हा ती पांढरी होती. आरसी बुकात रंगाच्या रकान्यात मात्र ‘ब्ल्यू’ असा एकच शब्द होता. रंग बदलला तर त्याची नोंद आरसीवर करून घ्यावी लागते. ती कोणीच केलेली नव्हती, त्यामुळे कागदोपत्री निळी आणि रस्त्यावर पांढरी अशी ही गाडी कित्येक वर्षे बिनबोभाट फिरली. मला ते सोयीचेच पडले. 2021 मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम आणले, त्यांत गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी अशी अपेक्षा आहे. पुढेमागे त्या वाटेने जायचे झाले, तर कागदावरचा रंग आणि अंगावरचा रंग एकच असलेला बरा.

पण ‘ब्ल्यू’ या शब्दावरून कोणताही रंग मिसळता येत नाही. म्हणून पहिले काम म्हणजे गाडीवरचे थर उघडे करणे. मागच्या मडगार्डावर, जिथे पत्रा सपाट आहे आणि कधी ठोकाठोक झालेली दिसत नाही अशी जागा निवडून आम्ही ओल्या वॉटर पेपरने एक वर्तुळ घासत नेले. सुरुवात 400 नंबरच्या पेपरने, मग 800, मग 1200 आणि शेवटी 2000. मध्यभागी पत्रा दिसेपर्यंत खाली जायचे आणि कडेकडे उतार ठेवत यायचे. म्हणजे प्रत्येक थर एका कड्यासारखा रुंद दिसू लागतो. सगळ्यांत बाहेर पांढरा, त्याच्या आत राखाडी सरफेसर (रंगाखालचे अस्तर), मग भडक आकाशी, मग पुन्हा एक पातळ राखाडी कडे, मग एक शांत, किंचित राखट निळा, त्याच्या आत तांबूस प्रायमर आणि अगदी मध्यभागी पत्रा. कारखान्याच्या प्रायमरवर थेट बसलेला जो पहिला रंग, तोच कारखान्याचा. हा नियम साधा आहे, पण तो लागू करण्यापूर्वी त्या जागी नंतर कधी लांबी भरलेली नाही याची खात्री करावी लागते. लांबीवरचा ‘पहिला’ रंग हा कारखान्याचा नसून कोणत्या तरी गॅरेजचा असतो.

थर ओळखण्याची आणखी एक परीक्षा आहे, आणि ती कोणत्याही पेंटरला करता येते. पांढऱ्या चिंधीवर थिनर घेऊन थरावर हलकेच पुसायचे. आमच्या गाडीवरचा भडक आकाशी थर चिंधीवर लगेच उतरला, म्हणजे तो नायट्रोसेल्युलोज लॅकर होता. कोल्हापूरच्या उद्यमनगरातले जुने पेंटर त्याला आजही ‘ड्युको’च म्हणतात. ड्युको हे ड्यू पाँट कंपनीच्या लॅकरचे नाव. 1923 मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर ते प्रथम वापरले गेले, आणि त्यापूर्वी तेल-वार्निशाने गाडी रंगवून वाळायला जे आठवडे लागत ते काम त्याने फार कमी वेळात आणले. हवेवर वाळणारे आणि पुन्हा थिनरने विरघळणारे हे लॅकर गॅरेजमध्ये फेररंगासाठी फार सोयीचे होते, त्यामुळे आमच्या गाडीचा पहिला फेररंग त्यात झाला याचे नवल नाही. त्याखालचा राखट निळा मात्र थिनरने पुसल्यावर चिंधीवर उतरला नाही, नुसता थोडा मंदावला. भट्टीत पकवलेल्या इनॅमलचे हे लक्षण. वरचा पांढरा तर हार्डनर घातलेला पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग, असल्याने त्याने थिनरला दादच दिली नाही.

कोरडे घासू नये हे येथे सांगून ठेवतो. त्या काळच्या पिवळ्या, नारिंगी, लाल रंगांत शिशाचे क्रोमेट सर्रास असे, आणि मिश्रणांतूनही ते इतर छटांत जाई. त्याची धूळ छातीत जाण्यापेक्षा चिखल बादलीत गेलेला बरा.

मडगार्डावरचे कडे मिळाले, पण रुपयाएवढ्या कड्यावरून अख्ख्या गाडीचा रंग ठरवणे धोक्याचे होते. उघड्या अंगावरचा रंग फेररंग होण्याआधी काही वर्षे उन्हात राहिलेला असतो. फिकट निळ्यात बहुतांश भाग पांढऱ्या रंगद्रव्याचा, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडचा असतो, आणि ऊन व दमट हवा यांच्या संगतीत हे द्रव्य स्वतःभोवतीचे बाइंडर, म्हणजे रंग धरून ठेवणारे द्रव्य, खाऊ लागते. मग पृष्ठभागावर खडूसारखी पांढरी भुकटी सुटते. निळे रंगद्रव्य जागेवर असते, पण डोळ्याला रंग उडाल्यासारखा दिसतो. म्हणजे एकाच थरात वरचा भाग विटलेला आणि मधला भाग त्यापेक्षा विश्वासू. कड्याची बाहेरची कड आणि आतली कड यांत मला जो फरक दिसत होता त्याचे कारण हेच.

म्हणून झाकलेल्या जागा शोधायच्या. गाडीचे जुने काम करणाऱ्यांत सर्वांत लाडकी जागा म्हणजे दाराच्या रबराखालची पट्टी. रबर ओढून काढले की खालून चकचकीत, कधी ऊन न पाहिलेला रंग निघतो आणि पाहणाऱ्याला वाटते की झाले, खजिना सापडला. आमच्याही गाडीत रबराखाली एक सुंदर निळा निघाला, थोडा हिरवट झाक असलेला. मला तो फार आवडला. आमचे पेंटर मिस्त्री मात्र त्याच्याकडे नीट पाहायलाही तयार नव्हते. ते म्हणाले, “सर, रबराखालचा रंग धरू नगासा. त्यो रबरानं खाल्लाय.”

मिस्त्रींचे म्हणणे रसायनशास्त्राला धरून आहे. रबर तडकू नये म्हणून त्यात जी द्रव्ये घातलेली असतात, त्यांपैकी काही हळूहळू बाहेर झिरपतात आणि लागून असलेल्या रंगात शिरून त्याला पिवळट-तपकिरी डाग देतात. फिकट रंगावर हे डाग विशेष दिसतात. आणि निळ्यावर पिवळे चढले की ते डागासारखे न दिसता सरळ हिरवट निळ्यासारखे दिसते. पाहणाऱ्याला संशयही येत नाही. रबर जिथे घट्ट बसत होते तिथे हिरवटपणा अधिक आणि जिथे सैल होते तिथे कमी, हे लक्षात आल्यावर माझाही त्या निळ्यावरचा लोभ सुटला.

यापुढची गुंतागुंत अधिक सूक्ष्म आहे. रबराचा स्पर्श नसला तरी नुसत्या अंधारानेही जुना रंग बदलतो. तेलावर आधारलेली अल्किड इनॅमले उजेडात ठेवली तर त्यांचा पिवळेपणा दबलेला राहतो आणि अंधारात ठेवली तर तो वाढतो. तैलचित्रे वर्षानुवर्षे कपाटात ठेवली की पिवळी पडतात, ते याच कारणाने. म्हणजे उन्हातला रंग पांढरट होऊन खोटा झालेला, आणि अंधारातला पिवळट होऊन खोटा झालेला. यातला दुसरा दोष मात्र बऱ्याच अंशी उलटवता येतो, कारण उजेड मिळाला की हा पिवळेपणा ओसरतो. टेललॅम्प काढल्यावर त्याच्या धातूच्या बैठकीमागे, रबरी गॅस्केटच्या रेषेच्या आत, तळहाताच्या निम्म्याएवढी जागा स्वच्छ निघाली होती. तिच्या अर्ध्या भागावर आम्ही काळी चिकटपट्टी लावली आणि गाडी अंगणात उजेडाकडे पाठ करून उभी केली. काही आठवड्यांनी पट्टी काढली तेव्हा दोन भागांत सरळ रेष दिसत होती. झाकलेला अर्धा अजून किंचित समुद्री छटेचा, आणि उघडा अर्धा अधिक स्वच्छ, राखेकडे झुकणारा निळा. या उघड्या अर्ध्याशी मडगार्डावरच्या कड्याचा मधला भाग जवळजवळ जुळत होता. डिकीच्या तळाशी, चटईखाली, आणखी एक जागा होती. पण तिथे कारखान्यातच रंगाचा हात पातळ मारलेला असल्याने खालचा तांबूस प्रायमर डोकावत होता आणि सगळा निळा गढूळ दिसत होता. दोन स्वतंत्र जागा एकमेकींना दुजोरा देत असताना ती तिसरी जागा बाजूला ठेवायला मला काही वाटले नाही.

जुन्या मालकांच्या घरातून गाडीचा एक रंगीत फोटो मिळाला होता. त्यावरून जुळवा, असे अनेकांनी सुचवले. तो फोटो मी आठवण म्हणून जपला आहे, पुरावा म्हणून नाही. त्या काळच्या रंगीत छापांत तीन रंगद्रव्ये असत, आणि अल्बमच्या अंधारातही त्यांतले निळसर सायन बहुधा सर्वांत आधी उडे. जुने फोटो तांबूस दिसतात ते त्यामुळे. म्हणजे निळ्या गाडीचा निळेपणाच त्यातून आधी गेलेला. मोबाइलच्या फोटोंची गोष्ट वेगळी नाही. दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी दसरा चौकात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार येते. तिचे दुसऱ्या दिवशी फिरणारे फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. कलत्या उन्हात काढलेला, सावलीत काढलेला, दिव्यांखाली काढलेला, असे प्रत्येकात तिचा केशरी निराळा दिसतो, कारण कॅमेरा पांढरे कशाला म्हणायचे हे दर वेळी स्वतःच ठरवत असतो.

उजेडाचा हा विषय रंग जुळवणाऱ्याला टाळता येत नाही. शहरातल्या एका दुकानात, टेललॅम्पमागच्या जागेचे माप घेऊन बनवलेला पहिला नमुना काउंटरवर अगदी बिनचूक दिसत होता. बाहेर पायरीवर आणून पाहिला तर सरळ जांभळट. दुकानदाराची यात काही लबाडी नव्हती. दोन पृष्ठभाग निरनिराळ्या रंगद्रव्यांपासून बनलेले असले, तर ते प्रकाशाच्या निरनिराळ्या लहरी निरनिराळ्या प्रमाणात परत पाठवतात, आणि तरीही एखाद्या विशिष्ट दिव्याखाली त्यांची डोळ्यावर पडणारी बेरीज सारखी येऊ शकते. दिवा बदलला की बेरीज बदलते. याला मेटामेरिझम म्हणतात. त्यावर उपाय म्हणजे रंग किमान दोन-तीन उजेडांत तपासायचा. प्रयोगशाळांत यासाठी ठरवून दिलेले प्रकाश असतात: दिवसाच्या उजेडासाठी डी 65, म्हणजे साधारण 6500 केल्व्हिनचा, जुन्या पिवळ्या बल्बसाठी ‘ए’, म्हणजे 2856 केल्व्हिनचा, आणि दुकानातल्या ट्यूबलाइटसाठी आणखी वेगळे. माझ्याकडे तसली पेटी नाही. मी सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान, उत्तरेकडच्या सावलीत, करड्या पुठ्ठ्यावर नमुने ठेवून पाहत असे आणि संध्याकाळी घरातल्या पिवळ्या बल्बखाली तेच नमुने पुन्हा पाहत असे. उत्तरेच्या उजेडाचा आग्रह कोल्हापुरात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. आबालाल रहमान आणि बाबूराव पेंटर यांच्या या गावात चित्रकाराच्या खोलीची खिडकी कुठल्या दिशेला हवी हे चित्र न काढणाऱ्यालाही ऐकून ठाऊक असते. करडा पुठ्ठा मात्र आवर्जून घ्यावा. लाल पोर्चवर किंवा हिरव्या कुंडीशेजारी ठेवलेला निळा हा त्या शेजाऱ्याच्या विरुद्ध बाजूला सरकलेला दिसतो.

आपल्याकडच्या पावसाळ्याने येथे मोठी मदत केली. जून ते ऑगस्ट आभाळ एकसारखे भरलेले असते, कडक सावल्या नसतात, उजेड सगळीकडून सारखा येतो. रंग पाहायला याहून चांगले हवामान नाही. रंग मारायला मात्र याहून वाईट नाही, पण त्याविषयी पुढे.

आता यंत्राविषयी. रंग मोजणारे स्पेक्ट्रोफोटोमीटर आता आपल्याकडेही दुकानांत आहे आणि त्याच्याबद्दल लोकांची दोन टोकांची मते आहेत. काहींना ते देवासारखे वाटते, तर जुन्या पेंटरांना ते फसवे वाटते. माझ्या मते ते उत्तम कारकून आहे. सपाट, स्वच्छ, पॉलिश केलेली जागा दिली तर ते रंगाचे तीन आकडे प्रामाणिकपणे देते: एक उजळपणाचा, एक हिरव्या-लालमधला आणि एक निळ्या-पिवळ्यामधला. 1976 मध्ये आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने स्वीकारलेली ही सीआयई लॅब पद्धत आहे, आणि दोन रंगांतले अंतर ‘डेल्टा ई’ या आकड्याने सांगितले जाते. ते 1 च्या आसपास असेल तर सरावलेल्या डोळ्यालाही फरक जेमतेम कळतो. पण हा एकच आकडा फरक कुठल्या दिशेचा आहे हे सांगत नाही. राखट, फिकट छटांमध्ये रंग थोडा उजळ किंवा थोडा गडद झालेला डोळा खपवून घेतो. तोच तेवढ्याच अंतराने हिरव्याकडे किंवा जांभळ्याकडे सरकला तर पाहताक्षणी खटकतो. म्हणून मी दुकानात डेल्टा ई विचारण्याऐवजी तिन्ही आकडे वेगवेगळे लिहून घेत असे. दुसरी अडचण अशी की मोजल्यानंतर यंत्र आपल्या साठ्यातला सर्वांत जवळचा फॉर्म्युला सुचवते, आणि तो साठा मुख्यतः अलीकडच्या गाड्यांचा असतो. आमच्या 1968 च्या निळ्याला त्याने कुठल्याशा आधुनिक हॅचबॅकचा शेजारी ठरवले. सुरुवात म्हणून ते वाईट नव्हते.

जुना फॉर्म्युलाच मिळवावा, असे काही जण म्हणतात. तो मिळाला असता तरी उपयोग बेताचाच होता, कारण तो ज्या इनॅमलसाठी आणि ज्या रंगद्रव्यांसाठी लिहिलेला असणार ती आज डब्यात नाहीत. भारतीय मानक आय एस 5 मध्ये तयार रंगांच्या छटांना क्रमांक दिलेले आहेत, त्यातला 101 म्हणजे स्काय ब्लू सगळ्यांना ठाऊक असतो. आमचा रंग त्याच्या घरातला नव्हता. शेडकार्डातला जवळचा क्रमांक पकडून समाधान मानणे मला तरी पटत नाही. यंत्रे, पंप, लोखंडी फाटके यांच्यासाठी असलेले ते क्रमांक गाडीच्या अंगावर सरकारी खात्याची कळा आणतात.

शेवटचे जुळवणे मिस्त्रींच्या हाताने झाले. शंभर ग्रॅमचा छोटा मेळ, दशांश ग्रॅम दाखवणारा काटा आणि एक वही. फिकट रंगात पांढरा इतका वरचढ असतो की टिंटरचा, म्हणजे छटा देणाऱ्या रंगाचा, एक थेंब छटा बदलून टाकतो, म्हणून तीव्र टिंटर आधी पांढऱ्यात पातळ करून ठेवायचा आणि मग तो मोजून घालायचा. जांभळट झाक घालवायला काय घालायचे, यावर आमचा थोडा वाद झाला. मला वाटत होते की थोडा हिरवा घालावा. मिस्त्रींनी तसे न करता निळाच बदलला. दुकानाने लालसर निळा वापरला होता, त्याच्या जागी त्यांनी हिरवट अंगाचा निळा घेतला आणि राखटपणा आणायला अगदी कणभर काळा व पिवळा ऑक्साइड. एक रंग चुकला म्हणून त्याच्या विरुद्ध दुसरा घालत गेले, तर प्रत्येक फेरीत रंग मळत जातो आणि शेवटी मागे फिरायला वाट उरत नाही. चुकलेला टिंटरच बाहेर काढून नव्याने मेळ करणे हे खर्चिक वाटते, पण शंभर ग्रॅमच्या पातळीवर तो खर्च चहापाण्याचा आहे. यात एक फायदा असा झाला की नवा नमुना बल्बखाली आणि दिवसा, दोन्ही वेळा जुन्याच्या बराच जवळ राहू लागला. मूळ रंगद्रव्याच्या जातीच्या जितके जवळ जावे तितका मेटामेरिझम कमी होतो.

ओला रंग काठीवर घेऊन गाडीशी ताडून पाहायची सवय आपल्याकडे फार आहे. मिस्त्री त्याच्या विरोधात. “ओल्या रंगावर इस्वास ठेवू नगासा, वाळंल तसा त्यो गडद हुतोय,” असे ते प्रत्येक नमुन्याला नव्याने सांगत. म्हणून प्रत्येक नमुना त्याच स्प्रे गनने, त्याच दाबाने, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कार्डावर मारायचा. खालच्या पट्ट्यांची सीमारेषा पूर्ण नाहीशी होईपर्यंत हात देत राहायचे, नाहीतर खालचा रंग वर डोकावतो. आणि पूर्ण वाळल्यावरच तो गाडीशेजारी न्यायचा. गाडीवरचा जुना तुकडाही कंपाउंडने हलका पॉलिश करून घ्यावा लागतो. मंद पृष्ठभाग उजेड विखुरतो, त्यामुळे तोच रंग चकचकीत पृष्ठभागापेक्षा फिका दिसतो, आणि ती चूक टिंटरने दुरुस्त करायला गेलो तर भलतीकडे जातो.

चकाकीबद्दल माझे मत थोडे ठाम आहे. आजकाल जुन्या गाड्यांना बेसकोट आणि वर क्लिअरकोट मारून काचेसारखी झळाळी आणतात. रंगाचा फॉर्म्युला कितीही अचूक असला तरी त्या पारदर्शक थराखाली तो खोल, ओला दिसतो आणि साठीच्या दशकातली गाडी प्रदर्शनातल्या खेळण्यासारखी वाटू लागते. आम्ही सिंगल-स्टेज पीयू वापरला, म्हणजे रंगातच चकाकी, वर वेगळा थर नाही. लॅकर वापरावे अशीही सूचना होती. पण मूळ रंग लॅकर नव्हताच, आणि कोल्हापूरच्या पावसात ते टिकवणे हे रोजचे दुखणे झाले असते. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, त्याने कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून तो फवारणाऱ्या पोरांना गॅरेजवाल्यांनी बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा द्यायला हवा, आणि तो दिलेला फार थोड्या ठिकाणी दिसतो. आम्ही तसा मुखवटा मिळवला तेव्हाच काम सुरू केले.

गन हातात घ्यायला दिवाळी उजाडू दिली. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतली वाफ बसते आणि रंगावर दुधाळ छाया येते. लॅकरचा हा जुना रोग. पीयूमध्ये तर हार्डनर पाण्याशीच लागतो आणि चकाकी जाते, बारीक फोड येतात. आषाढात घाई करून मारलेल्या गाड्या गावात ओळखू येतात. सरफेसर सगळीकडे एकाच करड्या छटेचा मारला, बोनेट आणि दारे सुटी करून पण एकाच मेळातून रंगवली, आणि सगळा रंग आधी एका मोठ्या डब्यात एकत्र करून घेतला, कारण एकाच फॉर्म्युल्याचे दोन डबे एकसारखे असतीलच असे नाही.

डिकीच्या आत आणि टेललॅम्पच्या बैठकीमागे मात्र आम्ही गन लावली नाही. तिथला 1968 चा रंग तसाच ठेवला आहे. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिवाने, 2012 मध्ये स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेचा रोखही जमेल तितके मूळ साहित्य राखण्याकडेच आहे. पण माझे कारण अधिक व्यावहारिक आहे. उद्या कोणाला माझ्या निळ्यावर शंका आली, तर त्याला पाहायला मूळ तुकडा हवा. डिकीच्या कडेला नवा आणि जुना रंग जिथे भेटतात तिथे भर दिवसा निरखून पाहिले तर फरक दिसतो. जुना किंचित गढूळ, नवा किंचित स्वच्छ. पातळ हात आणि खालचा प्रायमर लक्षात घेता तो तसाच दिसायला हवा, म्हणून तिथे जुळवाजुळव करायची नाही असे ठरवले.

फॉर्म्युला ग्रॅममध्ये, टिंटरच्या नावांसह आणि कोणत्या सरफेसरवर मारला या नोंदीसह वहीत आहे, आणि वाळलेल्या कार्डाचे दोन तुकडे वहीतच चिकटवले आहेत. उरलेल्या रंगाचा डबा काठोकाठ भरून बंद केला आहे, हार्डनर मात्र ठेवला नाही. उघडलेली बाटली ओलावा ओढून निकामी होते, तो लागेल तेव्हा नवा आणायचा.

चाकांच्या रिमचा रंग अजून बाकी आहे. त्यांवर कोणीतरी चंदेरी रंग फासला असून खाली साय-पांढऱ्याच्या जवळचे काहीतरी आहे, आणि फिकट पांढऱ्यात अंधाराचा पिवळेपणा निळ्यापेक्षाही अधिक फसवतो. स्टेपनीच्या रिमची आतली बाजू टायर उतरवून पाहिली, तर तिथे रबराचे डाग. सध्या चारही हबकॅप काढून, त्यांच्या खाली धातू धातूला टेकत होता तिथले चार ठिपके अंगणात उजेडाला ठेवले आहेत.